चष्म्यातलं वावर

आत्याबाई,

आज शुक्रवार. दवाखान्याच्या वहीत साडेअकराची वेळ अजून तुमच्याच नावावर आहे. खोडायला दोनदा पेन उचललं, दोनदा टोपण लावून ठेवून दिलं. बाहेर बाकावर अमडापूरकडचे एक काका बसलेत, त्यांना ही वेळ हवी आहे, आणि मी आतल्या खोलीत दार लोटून तुम्हाला लिहीत बसलेय. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, "जित्या मानसाले बाकावर बसवून मेलेल्यासंग काय बोलून राह्यली वं?" बरोबर आहे तुमचं. पण थांबू द्या त्यांना थोडं. तुम्हाला जाऊन महिना होत आला. तेरवी झाली, पाहुणे गेले, सतरंज्या ज्यांच्या त्यांच्या घरी पोचल्या. परवापर्यंत मला वाटत होतं की आपलं भांडण अर्धवट राहिलं. काल कळलं, तुमच्या बाजूनं ते केव्हाच संपलं होतं, आणि मला तुम्ही काही सांगितलं नाही. मला राग आलाय. तो कोणावर काढू, ते कळत नाही म्हणून हे लिहितेय.

लोकांची सासू जाते. माझी सासू गेली आणि पेशंटही गेला, दोन्ही एकाच सकाळी. सांत्वनाला येणाऱ्या बाया एका सासूपुरतं बोलून जायच्या. दुसऱ्या गोष्टीबद्दल मी कोणाला सांगणार?

कपाशी लावून दहा-बारा दिवस झाले होते तेव्हा. जिथे बी उगवलं नव्हतं तिथे तुम्ही पुन्हा लावत होतात. हातातली वाटी पडली, तुम्ही ती उचलायला वाकलात आणि वाकलेल्याच राहिलात. नशीब की शेजारच्या शकीलाचाची सोबत होत्या. त्यांनी मला बुलढाण्याला फोन लावला आणि म्हणाल्या, "वैशाली, इंदूचं तोंड असं काऊन झालं वं?" मी फोनवरच ओरडले की दोन्ही हात वर करायला सांगा. उजवा वर गेला, डावा गेला नाही. सतरा वर्षं मी लकव्याच्या पेशंटला उभं करतेय, आत्याबाई, पण त्या दिवशी चप्पल न घालताच निघाले.

वाचा शाबूत राहिली, ही देवाची कृपा. सुधीर म्हणायचा, आईची वाचा गेली असती तर गावानं सुटकेचा श्वास घेतला असता. तुम्ही दवाखान्याच्या खाटेवरून पहिलं वाक्य बोललात ते मला नव्हे, कपाशीतल्या तणाच्या काळजीनं तुमच्या लेकाला: "सुध्या, डवरा फिरवला का?" आणि दुसरं मला: "सीतादहीलोक चालीन ना मी?"

सीतादही म्हणजे कपाशीची पहिली वेचणी, तोपर्यंत चालायचं होतं तुम्हाला. वावराच्या कोपऱ्यात सात दगड मांडायचे, त्यांना कापूस वाहायचा, दहीभात शिंपडायचा, मग ओटीत पहिलं बोंड. मामंजी गेल्यापासून तीस वर्षं ते तुम्हीच केलंत. दही शकीलाचाचीच्या म्हशीचं, भात तुमचा. माणसांवर तुमचा फारसा विश्वास नव्हता, वावरावर होता. मी त्या खाटेशी उभी राहून म्हणाले, "चालाल. मी चालवीन तुम्हाला."

हे वचन मी का दिलं? पेशंटला तारीख कधी सांगायची नाही, हे मी नव्या पोरींना पहिल्या दिवशी शिकवते.

पोळ्यापर्यंत तुम्ही आमच्याकडे होतात. मग "माही चूल मले बोलवून राह्यली" म्हणत धामणगावला परतलात. सुधीर दर शुक्रवारी गाडीतून तुम्हाला घेऊन यायचा, शनिवारी पोचवायचा. घरी करायचे व्यायाम मी एका कागदावर चित्रं काढून दिले होते. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि हळू बसायचं. दाराची चौकट धरून एका पायावर उभं राहायचं. दारापुढच्या ओट्याच्या कडेनं बाजूला पावलं टाकत जायचं. टाच आधी, बोटं मग. दिवसातून तीन वेळा. सगळं रटाळ, सगळं जुनं. खरं सांगू? ते कागद देताना माझंही मन त्यात नव्हतं. माझं मन त्या चष्म्यात होतं.

चष्मा हे तुम्ही ठेवलेलं नाव. आमच्या डॉक्टरांनी तो हेडसेट नुकताच आणला होता. डोळ्यांवर चढवला की माणूस खोली विसरतो, दुसऱ्याच जागी जातो, आणि त्या जागेत तोल सांभाळताना पाय, कंबर, नजर सगळं एकदम कामाला लागतं. पोटाला पट्टा, पट्ट्याचा दोर छताच्या कडीला, म्हणजे पडलं तरी जमिनीपर्यंत जायचं नाही. जिल्ह्यात दुसरा आहे की नाही मला माहीत नाही. मी तर नवी पैठणी दाखवावी तसा येईल त्याला दाखवत होते.

तुम्हाला पहिल्यांदा घातला तेव्हा आत बर्फाचा डोंगर होता. त्यावरून घसरत खाली यायचं, डावीकडे झुकायचं, उजवीकडे झुकायचं. तुम्ही खांबासारख्या उभ्या.

"आत्याबाई, झुका ना."

"कुठी आणलं वं मले? बरफात मानूस काय पेरते?"

मग दोन उंच इमारतींमधली फळी लावली. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. माणूस डोळे मिटून बसला तर लाख रुपयांचा खेळ काय करणार! मग फुगे फोडायचा लावला. चार फुगे फोडलेत आणि विचारलंत, हे खेळून बुलढाण्याच्या दवाखान्यात पोरंसोरं बरी होतात का. बाकावरचे सगळे पेशंट हसले. मी चिडले. तुमच्यावर मी कायम थोडी चिडलेली असायची, आत्याबाई, लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्यापासून. पुरण ढिलं झालं होतं तेव्हा तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणालात, "सून शिकेल हाय, पुरनाले शिकवते ती." ते मी विसरले नव्हते.

त्याच शुक्रवारी गाडीत तुम्ही पुडीची गोष्ट काढलीत. बीटी कपाशीचं बियाणं नवं आलं तेव्हा प्रत्येक थैलीसोबत साध्या कपाशीची एक लहान पुडी मिळायची. ती वावराच्या कडेनं चहूबाजूंनी लावायची, म्हणजे अळीला तिकडे खायला राहतं आणि ती बीटीला सरावत नाही, असं सांगायचे. लावणार कोण? जागा वाया, मेहनत वाया. अख्ख्या गावानं पुड्या फेकल्या, तुम्हीही फेकल्या. पहिली काही वर्षं पऱ्हाटी बोंडांनी वाकून जायची, फवारणी कमी, घरोघरी मोटारसायकली. मग गुलाबी अळी आली. वरून बोंड टपोरं, आत सरकी पोकळ आणि रुई पिवळी पडलेली. तुमच्या शेजारच्या धुऱ्यावर, बांधापलीकडे, लोकांनी उभ्या कपाशीत ट्रॅक्टर घातले. तुम्ही नाही घातला. तुम्ही रोज सकाळी ओळीओळीनं फिरून डोमकळ्या तोडत राहिलात. अळी शिरलेलं फूल उमलत नाही, पाकळ्या आतून चिकटून कळी मिटलेलीच राहते, ती डोमकळी. दिसली की तोडायची, फेकायची नाही, पिशवीत घालून जाळायची. हे मला तुम्हीच शिकवलं, माझी नोकरी शहरात असली तरी.

"तुहा चष्मा म्हंजे थैली हाय, वैशाली," तुम्ही म्हणालात. "अन् त्या उठबशा म्हंजे पुडी. थैलीचं कौतुक लय होते. पुडी फेकली तं अळी येते. एकडाव फेकली म्या."

मी हो हो म्हटलं आणि खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटलं, सासू उठबशा करायच्या टाळतेय आणि वर मलाच शहाणपण शिकवतेय. किती उलटं ऐकते मी!

पण बर्फावरून एक गोष्ट सुचली, तेवढं श्रेय मला द्या. लग्नांचं शूटिंग करणाऱ्या एकाकडून चहूबाजूंनी टिपणारा कॅमेरा मागून आणला आणि एका रविवारी तुमच्या वावरात गेले. नाल्याकडचा धुरा, हातभर रुंदीचा, एका बाजूला कपाशी, दुसऱ्या बाजूला उतार, शेवटी कोपऱ्यातले सात दगड. कॅमेरा तुमच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे माझ्या खांद्याशी धरून मी हळूहळू चालत गेले. पुढच्या शुक्रवारी तुम्हाला मऊ गादीवर उभं केलं, पट्टा बांधला, चष्मा चढवला. जागच्या जागी पावलं उचलायची, समोर धुरा सरकत जाईल.

तुमची मान खाली गेली. मला वाटलं रडताय. मग आवाज आला:

"केना पाह्य किती माजला! सुध्या करते काय तठी?"

धुऱ्यावरचं तण दिसलं होतं तुम्हाला. मी खुर्चीवर बसून हसले. सुधीर बाहेर होता, त्याला आतून शिव्या ऐकू येत होत्या. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा सलग पाच मिनिटं पावलं उचललीत. दुखतंय म्हणाला नाहीत, चक्कर येते म्हणाला नाहीत.

आणि तिसऱ्या की चौथ्या वेळी ते झालं. पावलं टाकता टाकता तुम्ही एकाएकी डावीकडे खाली झेपावलात. पट्टा ताणला गेला, दोर कचकन वाजला, मी ओरडत धावले. "काय झालं? चक्कर आली?"

"डोमकळी होती वं!" लोंबकळत्या अवस्थेत तुम्ही उलट माझ्यावरच ओरडलात. "दिसली तं सोडू काय?"

दुसरा कोणताही पेशंट ही चूक करणार नाही. मुंबईच्या माणसाला ते फूल दिसलंही नसतं. मी तुम्हाला खूप बोलले त्या दिवशी. वाकायचं नाही म्हणून किती वेळा सांगितलं, खुब्याचं हाड मोडलं तर खाटेवरून उठणार नाही, वगैरे. बोलता बोलता माझी नजर खाली गेली आणि मी थांबले. अडीच महिने तुम्ही उजव्या पायावर लटकून उभ्या होतात. लकव्याचा पेशंट असाच उभा राहतो, सगळा भार चांगल्या पायावर, दुसरा नुसता टेकलेला. मी "डावीकडे वजन घ्या" असं शेकडो वेळा सांगितलं असेल. आणि त्या एका फुलासाठी तुमचा सगळा भार डाव्या पायावर गेला होता. गुडघा थरथरत होता, पण त्यानं धरलं होतं.

त्यानंतर तोच आपला खेळ झाला. धुऱ्यावर चालायचं, डावीकडे डोमकळी दिसली की वाकून हात घालायचा, पुन्हा सरळ व्हायचं. तुम्ही वैतागायचात: "तोडली तरी तठीच! असी कशी वं ही?" तरी प्रत्येक वेळी हात जायचाच. डॉक्टर दारात उभे राहून बघायचे. मी मनातल्या मनात कपाशीच्या चष्म्यावर भाषणं करत होते. चांगलं चाललं होतं. म्हणूनच मला इतकी भीती वाटली असेल का? चांगलं चाललेलं मोडायला किती वेळ लागतो, हे मी रोज बघते.

दसरा झाला. बोंडं फुटली. परतीचा पाऊस दोन दिवस पडून गेला. सुधीरनं सांगितलं, वेचणी या आठवड्यात सुरू करावी लागेल. आणि तुम्ही माझ्याकडे पाहिलंत.

मी नाही म्हणाले. काळी माती ओली, धुरा निसरडा, एका अंगाला नाला. पट्टा नाही, कडी नाही. तुम्ही सपाट फरशीवर चार पायांच्या काठीनं चालत होतात, पण तिथे? "पुढच्या वर्षी, आत्याबाई. नक्की." तुम्ही काठी टेकत उठलात आणि मला वाटलं, पटलं.

आता जे लिहायचं ते लिहायला हात नको म्हणतोय. मी ठरवलं की सीतादही तुम्हाला इथेच करायला द्यायची. गुरुवारी वावरात जाऊन सात दगडांचं शूटिंग केलं. शुक्रवारी घरून वाटीत दहीभात घेऊन आले. मला वाटत होतं, कोणत्या सुनेनं सासूसाठी एवढं केलं असेल! पट्टा बांधला, चष्मा चढवला, वाटी तुमच्या हाताशी धरली. तुम्ही घास घेतलात. समोर तुमचे दगड, तुमची फुटलेली कपाशी, ऊन. घास धरलेला हात वर गेला आणि तसाच राहिला.

"वैशाली, हा भात कुठी पडन?"

"फरशीवर पडेल, आत्याबाई. मी पुसून घेईन ना."

तुम्ही घास वाटीत परत ठेवलात. चष्मा स्वतःच्या हातानं काढलात, डाव्या हातानं, हेही मी टिपलं, मेली सवय. "वावराचा घास फरशीवर नाई टाकत," एवढंच म्हणालात. रागानं नाही. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

शनिवारी तुम्हाला पोचवायला मीही निघाले. सुधीर आरशातही बघत नव्हता. मोताळ्याशी मीच तोंड उघडलं, एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी मी स्वतः नेईन तुम्हाला. तुम्ही बाहेर बघत म्हणालात, "सारं दाखवलं तू मले चष्म्यात. पुढचं वर्ष दाखवलं का?"

जे उत्तर मी तेव्हा दिलं नाही ते मी महिनाभर रोज देतेय, भांडी घासताना, बसमध्ये, पेशंटचा पाय हातात असताना. कधी म्हणते, माझंच बरोबर होतं, पडला असतात तर? कधी म्हणते, पडला असतात तर पडला असतात. बाईनं तीस वर्षं सांभाळलेलं वावर आणि मी तिला खोलीत टांगून ठेवलं. झोप लागली तरी हे थांबत नाही.

पुढच्या शुक्रवारी तुम्ही आलात तेव्हा काही झालंच नाही अशा होतात. शकीलाचाचींनी दिलेला खरवस आणला होतात. व्यायाम केलेत, चष्मा मागून घेतलात. धुऱ्यावर चालताना मध्येच म्हणालात, "इथी डाव्या अंगाले माती दबते." मी म्हटलं, तुमचा पाय गादीवर आहे, गादी दबतेय. तुम्ही हसलात. नुसतं ओठात. एका पायावर त्या दिवशी तुम्ही इतका वेळ उभ्या राहिलात की मी घड्याळ दोनदा पाहिलं. मी सुधीरला म्हणाले, चष्म्यानं कमाल केली.

मग तो मंगळवार. शकीलाचाचींचा फोन. चूल पेटलेली, चहा उतू गेलेला, तुम्ही ओट्याशी टेकून बसलेल्या. ह्या वेळी हात वर करायला सांगण्यासारखं काही नव्हतं.

काल मी आणि सुधीर वावरात गेलो. कपाशी ठेवायची की उपटायची ते ठरवायचं होतं, अळी यंदाही बरीच आहे. तो गाडवाटेनं आत गेला, वेचणाऱ्या बायाही तिकडूनच जातात. माझे पाय नाल्याच्या धुऱ्याकडे वळले. त्या धुऱ्यावर कोणी जात नाही, सात दगडांपर्यंत जायचं असेल तरच. पाऊस गेल्यापासून ऊन कडक पडलं होतं आणि माती विटेसारखी वाळली होती. त्या वाळल्या मातीत चार भोकं दिसली, चौकोनात. दोन पावलांवर पुन्हा चार. पुन्हा चार.

चार पायांची काठी अख्ख्या धामणगावात एकच आहे, आत्याबाई. मीच आणून दिली होती.

मी खाली बसले. मला दुसरं काय येतं? पेशंटच्या पायाखाली पावडर टाकून पावलं वाचायचं शिक्षण झालंय माझं. मी तुमची पावलं वाचत धुऱ्यावरून रांगत गेले. डावी टाच आधी पडलेली, स्वच्छ, बोटं मग. पाय ओढल्याची रेघ सुरुवातीच्या चार पावलांना आहे, पुढे नाही. एका जागी घसरलात, अंगठ्याची खोल ओढ आहे, पण हात टेकल्याची खूण नाही. सावरलात. आणि मधल्या एका झाडापाशी काठीची भोकं पुढे नाहीत, बाजूला आहेत. काठी रोवून ठेवलीत आणि हात मोकळा केलात. तिथलं डावं पाऊल उजव्यापेक्षा खोल आहे. किती खोल, मी बोट घालून पाहिलं. झाडाच्या त्या फांदीवर कळी तोडलेला देठ वाळून काळा झाला होता.

दगडांपाशी पावलं गोळा झालीत. मग तीच पावलं परत. परतीची जरा थकलेली, पण सरळ.

थेट शकीलाचाचींच्या दारात गेले. त्या म्हशीला चारा टाकत होत्या. माझ्या पायांना लागलेली माती बघून त्यांनी पदरानं डोळे पुसले.

"कसम घातली होती तिनं मले," त्या म्हणाल्या. "तुम्ही तिले पोचवून गेले, त्याच इतवारी गेलतो. रिक्षानं वावरालोक. दही माह्यंच होतं. धुऱ्यावर मले येऊ नाई देल्लं. म्हने, तू इथूनच पाह्य, पडलो तं ओरडजो."

"तुम्ही मला फोन का नाही केला, चाची?"

"म्या म्हनलं तिले, वैशालीले विचार. तं म्हने, विचारलं तं ती नाई म्हनन. अन् नाई म्हनल्यावर गेलो, तं पोरीच्या मनाले लागन. न विचारता गेलो तं माहं मी."

मग त्यांनी अजून एक सांगितलं. पोळ्यानंतर रोज तीन वेळा तुम्ही त्यांना ओट्यावर बोलवायचात. चौकट धरून एक पाय, ओट्याच्या कडेनं पावलं, टाच आधी. चाची आकडे मोजायच्या. माझा तो चित्रांचा कागद त्यांच्याकडे आहे, हळदीचे डाग पडून पिवळा झालेला. "एकबी दिवस नाई सोडला," चाची म्हणाल्या. "म्हने, पुडी हाय ही." मी कुठल्या तोंडानं कमालीचं श्रेय चष्म्याला देत होते? चष्म्यानं तुम्हाला धुरा दाखवला असेल, भीती घालवली असेल, ते मी नाकारत नाही. पण पाय ओट्यावर तयार झाला, आणि मी तुम्हाला आळशी समजत होते.

आता माझी तडफड वेगळीच आहे. त्या चालण्यानं तुमचा जीव घेतला का? रविवारी वावरात, आणि मंगळवार आला तो त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात. डॉक्टरांना मी काल रात्रीच विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, बहुधा संबंध नाही. बहुधा! ह्या शब्दावर मी पेशंटच्या नातेवाइकांना घरी पाठवते. आज तो मला पुरत नाही. आणि समजा संबंध असेल. तर मी तुम्हाला अडवायला हवं होतं? खोल उमटलेलं ते डावं पाऊल बघितल्यावर मला होही म्हणवत नाही, नाहीही म्हणवत नाही. तुमच्यावर राग आहे की तुम्ही मला ते बघू दिलं नाहीत. चार महिने ज्या पावलासाठी मी घसा फोडला ते पडलं तेव्हा मी बुलढाण्यात कपडे वाळत घालत होते.

आणि तरी, आत्याबाई, माझ्या शब्दाची लाज तुम्ही राखलीत. खाटेशी उभी राहून मी म्हणाले होते चालाल, आणि तुम्ही सीतादहीला चाललात. मी मोडलेलं वचन तुम्ही पाळलंत आणि मला त्याचा पत्ता लागू दिला नाही. माझ्या मनाला लागू नये म्हणून. पुरणाचं ते बोलणं मी आज सोडून दिलं. तुम्हीही माझा फरशीवरचा भात सोडून द्या.

बाहेर काका खाकरताहेत. त्यांचं वावर कपाशीचं आहे की सोयाबीनचं, विचारते. त्यांना आधी कागद देईन, चित्रांचा. चष्मा नंतर.

काल निघताना मी चप्पल काढून तुमच्या त्या खोल पावलाशेजारी माझं पाऊल ठेवलं, सगळा भार देऊन. माती केव्हाच वाळली होती, माझं काही उमटलं नाही. पऱ्हाटी निघाली की ट्रॅक्टर फिरेल आणि तुमचंही राहणार नाही. फोटो काढायला मोबाईल काढला होता, परत ठेवून दिला.

मी नाहीच म्हटलं असतं, आत्याबाई. विचारलं नाहीत, बरं केलंत.